कणगी कीं वाफा? : सरड्याच्या अंड्याचा इतिहास

मराठी घरांत पालीचा आणि सरड्याचा परिचय पिढ्यान्‌पिढ्या होत आला तो दोनच वाटांनीं. एक वाट पंचांगाची. पाल अंगावर पडली किंवा सरडा अंगावर चढला तर त्याचें फल काय, हें सांगणारें 'पल्लीपतन व सरठारोहण' या नांवाचें प्रकरण जुन्या पंचांगांत असे, आणि कांहीं पंचांगांत तें अद्यापि छापलें जातें. दुसरी वाट आख्यायिकेची. १६७० सालीं सिंहगडाच्या कड्यावर तानाजी मालुसऱ्यांचे मावळे घोरपडीच्या दोरावरून चढले, ही कथा इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, प्रत्येक मराठी मुलाच्या कानावर ती आलेली असते. शकुनासाठीं पाल आणि पराक्रमासाठीं घोरपड, एवढ्यावर हा परिचय थांबला. या प्राण्यांचा वंश चालतो कसा, त्यांचें अंडें मुळांत येतें कोठून, हा प्रश्न फारसा कोणीं विचारला नाहीं. वस्तुतः तो क्षुल्लक नाहीं. त्याच्या उत्तरासाठीं युरोपांतील आणि भारतांतील शास्त्रज्ञांनीं दीर्घकाळ परिश्रम केले. आणि जें उत्तर हातीं आलें, तें मनुष्यदेहाविषयींच्या एका वादावरहि प्रकाश टाकणारें ठरलें.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके आहेत. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झाला. पश्चिमेस समुद्र, किनाऱ्यालगत घोलवड-बोरडीच्या चिकूच्या वाड्या, आणि पूर्वेस हळूहळू चढत जाणारी, वारल्यांच्या पाड्यांची डोंगराळ भूमि, असें या मुलुखाचें रूप आहे. येथील भातशेतीची जुनी रीत उत्तर कोंकणांत इतरत्र आढळते तीच. उन्हाळ्यांत शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा व झाडांच्या फांद्या पसरून जाळावयाच्या, हा राब. पाऊस पडला कीं त्या भाजलेल्या वाफ्यांत दाणे पेरावयाचे, आणि रोपें वीतभर झालीं म्हणजे तीं उपटून खाचरांत लावावयाचीं. ज्या सुमारास हा वाफा हिरवा होऊं लागतो, त्याच सुमारास वाडीच्या कुंपणाशीं दुसराहि एक प्रसंग घडत असतो. बागेंतल्या सरड्याची मादी, पोट दोहों बाजूंनीं फुगलेलें, ओल्या मातींत पायांनीं खळगा खणते. त्यांत दहा-वीस पांढरीं, चामड्यासारख्या मऊ कवचाचीं अंडीं घालते. माती लोटून खळगा बुजविते, आणि डोक्यानें ठोकून वरची माती दाबते. मग ती निघून जाते. त्या अंड्यांची पुन्हां वास्तपुस्त ती करीत नाहीं.

शेतकऱ्याच्या घरीं भात दोन ठिकाणीं असतो : कणगींत आणि वाफ्यांत. कणगी एकदां भरलेली असते. काढावें तसतसें तिच्यांतील धान्य उणें होतें. वाफ्यांतलें रोप मात्र दर पावसाळ्यास नवें. सरड्याच्या पोटांतील अंडीं या दोहोंपैकीं कशासारखीं? तीं जन्मतःच मोजून भरलेलीं आहेत, कीं दर ऋतूस नव्यानें उगवणारीं आहेत? सरड्याच्या अंड्याविषयींच्या ज्ञानाचा इतिहास हा पुष्कळ अंशीं या एका प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे.

सरडे जमिनींत अंडीं घालतात आणि तीं आपोआप फुटतात, इतकें ॲरिस्टॉटलनें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत नमूद केलें होतें. त्यापुढें पाऊल पडण्यास जवळजवळ दोन हजार वर्षें लागलीं. १६५१ सालीं विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें प्राण्यांच्या उत्पत्तीवर ग्रंथ लिहिला आणि सर्व प्राण्यांचें मूळ अंडें होय असें प्रतिपादन केलें. परंतु सस्तन प्राण्यांचें अंडें त्यानें स्वतः कधींहि पाहिलें नव्हतें. १६७२ सालीं हॉलंडमधील द ग्राफ यानें अंडाशयावरील पाण्यानें भरलेल्या पुटिकांचें वर्णन केलें आणि ह्या पुटिका म्हणजेच अंडीं, असा समज करून घेतला. ती चूक होती. पुटिका हें केवळ घर होतें. घरांत राहणारा निराळाच होता. १८२५ सालीं पुर्किन्ये यानें कोंबडीच्या अंड्यांत ज्याला पुढें केंद्रक म्हणूं लागले तें प्रथम पाहिलें, आणि १८२७ सालीं फॉन बेअर यानें कुत्रीच्या अंडाशयांत, त्या पुटिकेच्या आंत, खरें अंडें शोधून काढलें. अंडें म्हणजे एक पेशी होय ही कल्पना त्यानंतर दृढ झाली, आणि मग पुढचा प्रश्न अपरिहार्यपणें उभा राहिला : ह्या पेशी उत्पन्न केव्हां होतात?

१८७० सालीं जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डायर यानें अंडाशय आणि अंडें या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सस्तन प्राण्यांत जन्मानंतर नवीं अंडीं तयार होत नाहींत, असें त्याचें मत होतें. पुष्कळ वर्षें त्यावर वाद चालला. १९५१ सालीं इंग्लंडमध्यें झुकरमन यानें तोंपर्यंतचा सर्व पुरावा एकत्र करून वाल्डायरच्या बाजूनें कौल दिला. मुलगी जन्मते तेव्हां तिच्या अंडाशयांत सुमारें दहा ते वीस लाख बीजपेशी असतात. त्यांत पुढें भर पडत नाहीं, केवळ घट होते. म्हणजे मनुष्याची ती कणगी आहे. २००४ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं उंदरांवरील प्रयोगांवरून या मताला आव्हान दिलें, आणि तो वाद पुन्हां पेटला; तथापि बहुतेक शास्त्रज्ञ अद्यापि जुन्या मताकडेच झुकतात. परंतु मनुष्याचा नियम तो सर्व प्राण्यांचा नियम, असें गृहीत धरण्याची जी संवय पडली होती, तिला मात्र सरड्यानें छेद दिला.

युरोपांत हें चाललें असतां मुंबईंत सरड्यांकडे कोणाचें लक्षच नव्हतें असें नाहीं. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थांनीं मिळून बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी वैद्यकवेत्ते होते. १८९० सालीं बूलेंजर यानें आणि १९३५ सालीं माल्कम स्मिथ यानें या देशांतील सरड्यांचे वर्णनग्रंथ सिद्ध केले. परंतु हें सर्व काम बहुतांशीं बाहेरून पाहण्याचें होतें. खवले किती, बोटें कशीं, रंग कोणता, वस्ती कोठें, यांची नोंद झाली. ज्या सरड्याला १८०२ सालीं दोदँ या फ्रेंच पंडितानें रंग पालटणारा या अर्थाचें 'व्हर्सिकलर' हें नांव दिलें, तोच हा बागेंतला सरडा; त्याचा बाह्य वेष परिचित झाला, पण त्याच्या पोटांतील कारभार अज्ञातच राहिला.

तो कारभार असा आहे. पोटाच्या पोकळींत, पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस, पातळ पडद्यानें टांगलेले दोन अंडाशय असतात. हे गोळे भरीव नसतात. पातळ भिंतीच्या त्या पिशव्या असतात. भिंतींत लहानमोठ्या पुटिका दिसतात : कांहीं मोहरीएवढ्या, कांहीं मुगाएवढ्या, आणि ऋतु आला म्हणजे कांहीं वाटाण्याएवढ्या व त्याहूनहि मोठ्या. प्रत्येक पुटिकेंत एकच अंडपेशी. परंतु सर्वांत महत्त्वाची जागा आहे ती सहज डोळ्यांत न भरणारी. पिशवीच्या भिंतीवर एक लहानसा जाड पट्टा असतो. कांहीं जातींत प्रत्येक अंडाशयांत एक, कांहींत दोन. यास बीजशय्या म्हणतां येईल. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां या पट्ट्यांत मूळ बीजपेशी एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा विभागत असलेल्या आढळतात. आणि हें केवळ गर्भावस्थेंत किंवा बाल्यांत नव्हे, तर पूर्ण वाढलेल्या, अंडीं घालून झालेल्या मादींतहि आढळतें. येथेंच आरंभीच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. सरड्याच्या पोटांत कणगी नाहीं. तेथें वाफा आहे. आयुष्यभर तेथें नवें रोप निघत असतें, आणि त्यांतून कांहीं रोपें पुढें लावणीस जातात.

लावणी झालेल्या रोपाची हकीकतहि तितकीच विलक्षण आहे. बीजपेशी अर्धसूत्री विभाजनास आरंभ करते आणि तें मध्येंच थांबवून वाढीस लागते. या अवस्थेंत तिचें केंद्रक फुगतें, आणि त्यांतील गुणसूत्रांना दोहों बाजूंनीं बारीक फांसे फुटतात. १८८२ सालीं फ्लेमिंग यानें हीं केसाळ गुणसूत्रें प्रथम एका उभयचर प्राण्यांत पाहिलीं, आणि १८९२ सालीं र्‍यूकर्ट यानें माशाच्या अंड्यांत तीं पाहून त्यांना दिव्याची कांच पुसण्याच्या कुंचल्याचें नांव दिलें. ज्यांच्या घरीं रॉकेलचा कंदील असे, त्यांना ही उपमा तत्काळ पटेल. हे फांसे म्हणजे जणूं चालू असलेले छापखाने होत. पुढें जन्मणाऱ्या गर्भास आरंभीं ज्या आज्ञा लागतील, त्यांच्या प्रती येथें निघत असतात.

अंडपेशीभोंवतीं प्रथम लहान पेशींचा एकच थर असतो. पुढें त्याचे अनेक थर होतात आणि त्यांत तीन प्रकारच्या पेशी दिसूं लागतात : लहान, मध्यम, आणि तिसऱ्या मोठ्या, नासपतीच्या आकाराच्या. ह्या नासपतीसारख्या पेशी पक्ष्यांत नाहींत, कासवांत नाहींत. सरडे आणि साप यांच्या कुलांतच त्या आढळतात. त्या कशासाठीं, याविषयीं एकोणिसाव्या शतकापासून तर्क चालले होते. १९०६ सालीं फ्रान्समधील मारी ल्वायेझ या विदुषीनें बलकयुक्त अंड्यांच्या वाढीवर एक विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांतील पुटिकांचीं वर्णनें पुढील संशोधकांना दीर्घकाळ आधारभूत ठरलीं. तरी साध्या सूक्ष्मदर्शकाला जेथें केवळ रेषा दिसत होती, तेथें काय आहे हें कळण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. १९७० नंतरच्या दशकांत इटलींतील नेपल्स येथें तादेई, फिलोसा आणि त्यांचे सहकारी यांनीं तेथील सामान्य सरड्याच्या अंडाशयाचा अभ्यास केला. त्या नासपतीच्या टोंकापासून अंडपेशीपर्यंत प्रत्यक्ष पूल असतो, आणि त्यावाटे पेशींतील द्रव्य अंड्यांत जातें, असें त्यांना दिसून आलें. म्हणजे ह्या पेशी अंड्याच्या धाया होत. त्या स्वतः कधीं अंडीं होत नाहींत. आपलें कार्य उरकलें म्हणजे त्या झिजतात, आपलें उरलेंसुरलें द्रव्यहि अंड्यास देतात आणि नाहींशा होतात. अंड्याभोंवतीं पुन्हां पूर्वींप्रमाणें एकच थर राहतो.

यानंतर बलक भरण्याचें काम सुरू होतें. बलकाचें मूळ द्रव्य अंडाशयांत होत नाहीं. तें यकृतांत होतें. अंडाशयांतून निघणारा स्त्रीसंप्रेरक रक्तावाटे यकृतास सूचना देतो, यकृत एक विशिष्ट प्रथिन तयार करतें, आणि रक्तांतून तें अंड्यांत येऊन सांठतें. मादीच्या पोटांतील चरबीच्या पिंडांतून या कामीं खर्च होतो. अंडीं भरत जातात तसतसे ते पिंड ओसरतात. एखाद्या घरीं लग्नकार्याच्या वेळीं वर्षाची पुंजी जशी उपसली जावी, तसाच हा प्रकार. पुटिका पूर्ण भरली कीं फुटते, अंडें अंडवाहिनींत जातें, तेथें त्यास कवच चढतें. फुटलेल्या पुटिकेचा उरलेला भाग कांहीं काळ पीतपिंड होऊन राहतो. ज्या पुटिका मध्येंच मागें पडतात, त्या वाफ्यांतल्या खुरटलेल्या रोपांप्रमाणें जिरून जातात.

शहरांतील घरींहि या व्यवस्थेची एक संक्षिप्त आवृत्ति भिंतीवर फिरत असते. पालीच्या प्रत्येक अंडाशयांतून साधारणतः एकेकच अंडें परिपक्व होतें; म्हणून तसबिरीच्या मागें किंवा कपाटाच्या फटींत तिचीं अंडीं सापडतात तीं दोन दोन. त्यांचें कवच सरड्याच्या अंड्याप्रमाणें मऊ नसून टणक व ठिसूळ असतें. दिव्याजवळ कांचेवर बसलेल्या पालीच्या पातळ पोटांतून हीं दोन अंडीं पुष्कळदां बाहेरून दिसतात. पंचांगांत जिचें पडणें मोजलें गेलें, तिच्या पोटांतील हें गणित कोणींहि उघड्या डोळ्यांनीं वाचूं शकतें.

भारतांत या विषयाचा अभ्यास विसाव्या शतकांत जोमानें सुरू झाला. १९४१ सालीं जे. जे. असाना आणि पुढें पुणें विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ख्यातनाम झालेले टी. एस. महाबळे यांनीं घरांतील पाल व एक सापसुरळी यांच्या नरांतील गुणसूत्रांविषयीं लेख प्रसिद्ध केला. १९४८ सालीं असाना यांनीं जपानी शास्त्रज्ञ माकिनो यांच्यासह बागेंतल्या सरड्याचा अभ्यास केला; नर आणि मादी यांच्या गुणसूत्रांत भेद दिसतो, असें त्यांना वाटलें. पुढील अभ्यासकांना तो भेद आढळला नाहीं. १९७० सालीं वर्मा यांनीं याच सरड्याच्या अंडाशयांतील ऋतुमानाप्रमाणें होणाऱ्या बदलांचें वर्णन केलें, आणि त्याच वर्षीं मुत्तुक्करुप्पन् व त्यांचे सहकारी यांनीं त्याच्या गर्भाच्या वाढीच्या पायऱ्या क्रमवार ठरविल्या. १९७६ सालीं जेकब आणि रामस्वामी यांचा घोरपडीच्या मादीच्या ऋतुचक्रावरील निबंध प्रसिद्ध झाला. पंजाबांतील सरदुलसिंग गुराया यांनीं १९८९ सालीं सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्या पुटिकांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

परंतु पावसाचा आणि अंड्याचा संबंध स्पष्ट करण्याचें श्रेय बव्हंशीं धारवाडकडे जातें. १९५६ पर्यंत मुंबई राज्यांत असलेल्या या नगरांतील कर्नाटक विद्यापीठांत सैदापूर, शानभाग, राड्डर प्रभृति संशोधकांनीं बागेंतल्या सरड्यावर अनेक वर्षें काम केलें. त्यांतून एक चकित करणारी गोष्ट पुढें आली. अंडीं तयार असून पाऊस लांबला आणि माती कोरडी राहिली, तर मादी अंडीं घालीत नाहीं. तीं अंडवाहिनींतच दीर्घकाळ धरून ठेवते. या अवधींत ती आपल्या शरीराचें तपमान कमी राखते, आणि त्यामुळें आंतील गर्भाची वाढ थबकते. २००३ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें. मृग कोरडा गेल्यास शेतकरी बियाणें जसें हातांत धरून आभाळाकडे पाहत बसतो, तशीच ही मादी पोटांत अंडीं धरून बसते.

याच सरड्याविषयीं धारवाड आणि बंगळूर येथील संशोधकांनीं २०१२ सालीं आणखी एक निष्कर्ष मांडला. अंड्यांतून नर निघणार कीं मादी, हें अंडें ज्या तपमानांत उबतें त्यावर अवलंबून असतें. आणि तेंहि सरळ रेषेंत नव्हे. तपमान चढत जातां प्रथम माद्या, मग नर, पुन्हां माद्या, पुन्हां नर असा क्रम त्यांना आढळला. ज्या भेदाचें मूळ १९४८ सालीं गुणसूत्रांत शोधलें जात होतें, तें अशा रीतीनें मातीच्या उष्णतेंत सांपडलें.

येथवर आल्यावर डहाणू-तलासरीच्या त्या कुंपणाकडे पुन्हां पाहिलें पाहिजे. दर वर्षीं नवें रोप देणारा वाफा पोटांत आहे, तेव्हां या प्राण्यांच्या वंशास कसली भीति, असें सहज वाटेल. परंतु वाफा अक्षय असला तरी त्याला धारण करणारी मादी अक्षय नाहीं, आणि रोप लावण्यास खाचर लागतेंच. जून महिन्यांत मुलांच्या दगडानें मेलेला सरडा जर मादी असेल, तर तिच्यासह यकृताचें, चरबीचें आणि त्या निःशब्द धायांचें महिन्यांचें श्रम मातींत जातात. आणि पुढील सर्व वर्षांचीं अंडींहि त्याच दगडानें नष्ट होतात. घोरपडीची गोष्ट याहून गंभीर आहे. मांसासाठीं, तेलासाठीं आणि नाना खुळचट समजुतींपायीं तिची हत्या होत आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आज तिची गणना आहे; तिला मारणें हा दंडनीय अपराध आहे. पण कायदा वाचून कोणाच्या मनांत कळवळा उत्पन्न होत नाहीं. तो ज्ञानानें होतो.

मातीचीहि तीच कथा. २० जून १९९१ रोजीं केंद्र सरकारनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून घोषित केला. त्या घोषणेच्या मागें कारखाने, समुद्र, बागाईत अशीं मोठीं कारणें होतीं. सरड्याचें नांव तींत कोणीं घेतलें नसेल. तरी कुंपणाखालची सावलींतली ओली माती शाबूत राहिली, तर तिचा लाभ त्यालाहि मिळतो. झाड तुटलें, माती उघडी पडली, ती अधिक तापूं लागली, तर त्या मातींत पुरलेल्या अंड्यांतून नर किती आणि माद्या किती निघतील, याचा हिशेबहि बदलूं शकतो. माती काँक्रीटखालीं गेली, तर अंडें धरून बसलेल्या मादीला तें ठेवावयास जागाच राहणार नाहीं. तिची धरून ठेवण्याची शक्ति मोठी आहे, पण ती अमर्याद नाहीं.

हार्वेपासून धारवाडपर्यंतच्या साडेतीन शतकांनीं इतकें सांगितलें. राबावरचा धूर निवून पहिला पाऊस पडेल, वाफे हिरवे होतील, त्या दिवसांत डहाणूच्या वाडींत किंवा तलासरीच्या बांधावर मातींत डोकें ठोकीत असलेली एखादी सरड्याची मादी दिसली, तर तिचें काम पुरें होईपर्यंत दूर उभें राहावें. तिला फार वेळ लागत नाहीं.